मे महिन्यासाठी घेतलेले एसी श्रावणात का हरतात?

प्रश्न थोडक्यात असा: लातूरला वरच्या मजल्यावर ६० आसनांची अभ्यासिका आहे. साधारण १२०० चौरस फूट हॉल, डोक्यावर थेट गच्ची. २ टनांचे ५ स्प्लिट एसी (साधे, इन्व्हर्टर नसलेले) आणि भिंतीत १२ इंची २ एक्झॉस्ट फॅन. उन्हाळा निभावतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये एसी १८ वर ठेवूनही हॉल चिकचिकतो. मुलं स्वेटर घालून बसतात आणि तरी कोंदट वाटतं म्हणतात, पुस्तकांची पानं फुगतात, एसीजवळच्या पीओपीवर काळे ठिपके आलेत. बिल मात्र मे महिन्याच्या जवळपास. विक्रेत्याने आणखी २ एसी आणि एका मोठ्या डीह्युमिडिफायरचं (हवेतलं पाणी काढणाऱ्या यंत्राचं) कोटेशन दिलंय. घ्यावं का?

दोन्ही घेऊ नका, निदान यंदा तरी. तुमच्याकडे थंडावा कमी नाही, उलट पावसाळ्यात तो जास्तच आहे. कमी पडतंय ते हवेतलं पाणी काढणं. ही दोन कामं आपण एकाच यंत्रावर टाकतो आणि थर्मामीटर फक्त पहिल्या कामाला लावतो, गोंधळ तिथून सुरू होतो.

आधी बाहेरची हवा बघू. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर एक किलो हवेत साधारण साडेदहा ग्रॅम पाणी असतं. ऑगस्टच्या एखाद्या ढगाळ दिवशी २७ अंश आणि ७८ टक्के धरली तर तेच १९ ग्रॅम होतं. आत आपल्याला हवी ती २५-२६ अंशांची, ५५ ते ६० टक्क्यांची हवा. तिच्यात सुमारे १२ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे मे महिन्यात बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आहे, तिथे ओलाव्याचा प्रश्नच नाही, सगळी लढाई उष्म्याशी. श्रावणात बाहेर ऊन नाही, पण आत येणारी प्रत्येक किलो हवा ७ ग्रॅम जादा पाणी घेऊन येते. मुंबई-कोकणात वर्षातले बरेच महिने दोन्ही शत्रू एकदम असतात, त्यामुळे तिथला एसीवाला ओलाव्याचा विचार आपोआप करतो. मराठवाड्यात ते पाळीपाळीने येतात. आपण यंत्र विकत घेतो ते मेकडे बघून. (मृगाच्या तोंडावर, पाऊस अडून बसलेला असतो तेव्हा, दोघे एकत्रही येतात. तो पंधरवडा सगळ्यात वाईट. पण तेवढ्यासाठी कुणी यंत्रणा आखत नाही.)

आता तुमच्या हॉलचा हिशेब. आकडे अंदाजाचे आहेत, पण प्रमाण चुकणार नाही. मे महिन्याच्या दुपारी उघड्या स्लॅबमधून ८ ते १० किलोवॅट उष्णता येते, भिंती-खिडक्यांतून चार-पाच, ६० मुलांच्या अंगची चार, दिवे-लॅपटॉपची दीड, आणि एक्झॉस्टने बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी येणाऱ्या तापलेल्या हवेची आठ-नऊ. बेरीज २८ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे ८ टन. १० टन बसवलेत, ठीकच केलंत. ऑगस्टमध्ये स्लॅब तापत नाही, बाहेर-आत दोन अंशांचा फरक. त्याच हॉलची उष्णता आठ-साडेआठ किलोवॅटवर येते, अडीच टनसुद्धा नाही. साडेसात टन यंत्रणेला काही कामच उरत नाही.

काम उरलं नाही की एसी थांबतो, आणि इथेच तो ओलाव्यापुढे हरतो. हवेतलं पाणी निघतं कसं? २५ अंश, ५५ टक्के हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या अंशाखाली तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते तो, १५ अंशांच्या जरा वर असतो. एसीची कॉइल (आतली थंड नळ्या-पाकळ्यांची जाळी) त्याखाली गेली तरच तिच्यावर थेंब जमतात. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर कॉइल थंड व्हायला, मग पाकळ्या ओल्या व्हायला, मग ते पाणी ट्रेमध्ये उतरून ड्रेनच्या नळीपर्यंत जायला सहज दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुमचे पाचही एसी चालू असतील तर तेवढ्यात हॉल सेट केलेल्या अंशावर येतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. आतला पंखा मात्र फिरत राहतो. ओल्या कॉइलवरून कोमट हवा जाते आणि जमलेलं पाणी पुन्हा हॉलमध्येच परत येतं. वीज खर्चून गोळा केलेलं पाणी आपणच हवेत वाळत घालतो, असा हा प्रकार.

मग माणूस रिमोट हातात घेतो आणि १८ करतो. आता कॉम्प्रेसर थांबत नाही, थोडं पाणी निघतंही, पण हवा गार पडली की तिची पाणी धरायची ताकद कमी होते, म्हणून सापेक्ष आर्द्रता चढीच राहते. अंग गार आणि कातडी चिकट, ही तुमच्या मुलांची तक्रार त्यातूनच येते. शिवाय एसीच्या झोतासमोरचं पीओपी इतकं थंड होतं की आसपासची दमट हवा त्याला लागून जवळपास भिजते. बुरशीला तेवढं पुरतं. ते ठिपके बहुधा गच्चीच्या गळतीचे नाहीत. तरी एकदा वरून कोबा तपासा, कारण दोन्ही एकत्र असू शकतं. आणि १८ वर ठेवल्याने हॉल लवकर गार होतो ही समजूत साध्या एसीच्या बाबतीत साफ खोटी आहे. कॉम्प्रेसरचा वेग तोच, फक्त थांबायची जागा पुढे ढकलली जाते. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ वर येतील असा नियम आहे तो याच सवयीसाठी. एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरोचं म्हणणं.

पाणी येतंय कुठून, हे मात्र कोटेशन देणाऱ्याने विचारलेलं दिसत नाही. बसून वाचणारा माणूस श्वास आणि घामातून तासाला साठ-सत्तर ग्रॅम पाणी सोडतो. ६० मुलांचं चार लिटर. ओले रेनकोट, छत्र्या, सकाळचा ओला पोछा, सतत उघडणारा दरवाजा मिळून आणखी लिटरभर धरा. आणि तुमचे २ एक्झॉस्ट फॅन? दोन्ही मिळून तासाला २००० घनमीटर हवा सहज बाहेर फेकतात. तेवढीच बाहेरची हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून आत घुसते, आणि किलोमागे ७ ग्रॅमच्या हिशेबाने तासाला १५ लिटर पाणी आणते. पंधरा लिटर! एक लिटर पाणी हवेतून काढायला साधारण ०.६८ युनिट इतकी उष्णता ओढावी लागते, म्हणजे हे एकटं ओझं १० किलोवॅटचं, जवळपास ३ टन. हॉलमधल्या सगळ्या उष्म्यापेक्षा जास्त. कोंदट वाटतं म्हणून एक्झॉस्ट लावायचा, आणि एक्झॉस्टमुळे आणखी दमट होतं म्हणून एसी वाढवायचा, असं हे चक्र आहे.

एक्झॉस्ट कायमचा बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. ६० मुलं बंद हॉलमध्ये दहा-बारा तास बसली तर कार्बन डायऑक्साइड वाढून डोकं जड होतं, आणि अभ्यासिकेत तेच नको. पण ताजी हवा लागते किती? तुमच्यासारख्या वाचनालयाच्या हॉलला तासाला ७५० घनमीटर पुरे. आज त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट जातेय. म्हणून एक फॅन बंद करून त्याचं भोक पत्र्याने नीट झाका; नुसता बटणाने बंद केला तर त्याच भोकातून वारा आत येतो. दुसऱ्याला स्पीड रेग्युलेटर लावा किंवा तो काढून लहान बसवा. कार्बन डायऑक्साइड दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो भिंतीवर टांगून, हॉल भरलेला असताना आकडा १५०० च्या आसपास राहील एवढीच हवा काढा. निम्मी आसनं रिकामी असतील तर आणखी कमी. यानेच १५ लिटरचे पावणेसहा होतात आणि तासाला दोनेक युनिट वीज वाचते. खर्च जवळपास शून्य. स्वच्छतागृहाचा एक्झॉस्ट वेगळा असेल तर तो राहू द्या, पण मधलं दार आपोआप बंद होणारं हवं.

दुसरी गोष्ट पैशाची आहे, पण माझ्या मते कोटेशनमधल्या कुठल्याही यंत्राआधी हिचा नंबर लागतो: एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, बाजारात नुसतं ईआरव्ही म्हणतात. यात बाहेर जाणारी गार-कोरडी हवा आणि आत येणारी दमट हवा एका कागदासारख्या पडद्याच्या दोन बाजूंनी जातात. हवा मिसळत नाही, पण पडद्यातून उष्णता आणि वाफ दोन्ही पलीकडे जातात. चांगल्या यंत्रात साठ टक्क्यांच्या आसपास वाचतं, म्हणजे पावणेसहा लिटरचे सव्वादोन उरतात. मे महिन्यात हेच यंत्र ४१ अंशांची हवा बत्तिशीपर्यंत गार करून आत सोडतं, म्हणून आपल्याकडे ते दोन्ही ऋतूंत पैसे फेडतं. पथ्य एकच: एप्रिल-मेच्या धुळीत फिल्टर पंधरा दिवसांनी झटकायचा. तो पडदा पाण्याने धुवायचा नसतो. सर्व्हिसवाल्या पोराला हे आधीच सांगून ठेवा.

आता एसी कसे चालवायचे. ईआरव्ही धरून ऑगस्टचं ओझं साडेआठ किलोवॅट उष्मा आणि सात लिटर पाणी, म्हणजे आणखी पाच किलोवॅट. एकूण १३ ते साडेतेरा. तुमचे २ एसी मिळून १४ किलोवॅट ओढतात. तेव्हा पावसाळ्यात ५ पैकी २ च लावा, २५ वर, पंखा 'लो'वर, आणि ते न थांबता चालू द्या. तिसरा दुपारच्या गर्दीसाठी. उरलेल्या दोघांचा स्विचच काढून ठेवा, नाहीतर कुणीतरी रिमोट दाबतोच. पंखा हळू केल्याने हवा कॉइलवर जास्त वेळ थांबते, कॉइल आणखी गार राहते आणि पाण्याचा वाटा वाढतो. फक्त फिल्टर घाण असेल आणि पंखा लोवर असेल तर कॉइलवर बर्फ धरतो, मग एसी हवाही देत नाही आणि पाणीही काढत नाही. बर्फ दिसला की 'गॅस कमी झाला' म्हणून गॅस भरून घेण्याआधी फिल्टर धुऊन बघा.

हॉलमध्ये हवा हलती राहावी म्हणून छताचे पंखे चालू ठेवा. अंगावरून वारा गेला की दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं, आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीस-पस्तीस वॅटवर फिरतो.

ही सगळी माझी गणितं खरी की खोटी, हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता. एसीच्या ड्रेनच्या नळीखाली पाच लिटरचा कॅन ठेवा आणि एक तास मोजा. पावसाळ्यात २ टनांचा एसी सलग चालत असेल तर तीन-साडेतीन लिटर पाणी मिळायला हवं. आज पाच एसींच्या पाच नळ्यांखाली कॅन ठेवलेत तर बहुतेक प्रत्येकात लिटरसुद्धा जमणार नाही, असा माझा अंदाज. मग २ एसी आणि लो पंखा करून पुन्हा मोजा. एखाद्या एसीचं पाणी इतरांपेक्षा फारच कमी आलं, तर त्याची कॉइल चोंदलीय, गॅस खरंच कमी आहे किंवा ट्रे आतच तुंबलाय. सोबत टेबलावर एक साधा आर्द्रता मीटर ठेवा, काहीशे रुपयांत येतो. तापमानापेक्षा त्याच्याकडे बघायची सवय लावा: ६० च्या खाली असेल तर उत्तम, ७० च्या वर दिवसचे दिवस राहिला तर बुरशी ठरलेली.

एक सवय मात्र मोडावी लागेल, आणि आपल्याकडच्या माणसाला ती मोडणं जड जातं. उन्हाळ्यात पहाटे सगळ्या खिडक्या उघडून हॉल गार करून घेणं अगदी बरोबर आहे; आपल्या पठारावरच्या रात्री उतरतात, त्याचा फायदा घ्यायलाच हवा. श्रावणात हेच उलटं पडतं. पहाटेची हवा गार लागते, पण तिच्यात पाणी दुपारइतकंच असतं. रात्रभर ती आत खेळली की पुस्तकं, पडदे, खुर्च्यांचं फोम, प्लायवूड, सगळं ते पाणी शोषून घेतं. सकाळी सातला एसी लावता तेव्हा पहिले दोन तास तो हवा नाही, फर्निचर वाळवत असतो. पावसाळ्यात रात्री हॉल बंद ठेवा. रेनकोट-छत्र्यांचा स्टँड जिन्यात, पाण्याचा जार बाहेर, आणि पोछा घट्ट पिळलेला. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि माळवदाचं कौतुक मी नेहमी ऐकतो. मे महिन्यापुरतं ते खरं आहे. पण आषाढात त्याच वाड्यांच्या आतल्या खोल्यांत कुबट वास यायचा, हेही ज्यांनी तिथे दिवस काढलेत त्यांना आठवत असेल.

डीह्युमिडिफायरविषयी. ते यंत्र म्हणजे खोलीतच उष्णता सोडणारा एसी. पाणी काढतं, पण काढलेल्या पाण्याची उष्णता आणि स्वतःची वीज दोन्ही हॉलमध्येच टाकतं. ती ओढायला पुन्हा एसी. शिवाय डब्यावर 'दिवसाला ५० लिटर' लिहिलेलं असतं ते बहुधा ३० अंश, ८० टक्क्यांवर मोजलेलं. तुमच्या २५ अंश, ६० टक्क्यांवर निम्म्याच्या आसपास धरा, तासाला जेमतेम लिटर. आज तुमच्या हॉलमध्ये तासाला वीस लिटर येतंय! वरचं सगळं करूनही रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, हॉल रिकामा असताना आर्द्रता चढत असेल, तर लहानसं एक घ्या आणि त्याला ६५ वर चालू होईल असं लावा. तेवढ्यापुरतं ते चांगलं काम करतं.

तुम्ही सिलिका जेलच्या चाकाबद्दलही विचारलंय. डेसिकंट व्हीलमध्ये हवा एका फिरत्या चाकातून जाते, चाक वाफ शोषतं, आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा सोडून ते पुन्हा वाळवतात. अभ्यासिकेला ते नको. निघणारी हवा कोरडी पण तापलेली असते, म्हणून मागून पुन्हा थंड करावी लागते. हे चाक शोभतं ते वाळूज-शेंद्र्याच्या औषध कारखान्यांत, जिथे गोळ्यांच्या खोलीला ३० टक्के आर्द्रता लागते, किंवा जालन्याच्या बियाण्यांच्या शीतगृहांत. बियाण्यातला ओलावा एक टक्का कमी केला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे, त्यामुळे तिथे हा खर्च निघतो. तिथेही चाक वाळवायला विजेचा हीटर लावलेला दिसला की मला चीड येते. त्याच आवारात बॉयलरची किंवा चिलरची फुकटची उष्णता हवेत जात असते, गच्चीवर सौर पाणी तापक बसवता येतो. साध्या एअर हँडलिंग युनिटमध्येही (मोठ्या जागेला थंड हवा पुरवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रात) हेच: हवा १२ अंशांपर्यंत गार करून पाणी काढायचं आणि मग हीटरने २० वर आणायची, म्हणजे दोन्हीकडून बिल. त्या जागी कॉइलभोवती हीट पाइप (उष्णता आपोआप इकडून तिकडे नेणारी बंद नळी) गुंडाळला तर कॉइलकडे येणाऱ्या हवेची उष्णता कॉइलमधून निघणाऱ्या हवेला फुकट मिळते आणि कॉइलचं ओझंही हलकं होतं.

मोठी इमारत नव्याने बांधणाऱ्यांनी उष्मा आणि ओलावा यांची यंत्रणाच वेगळी करावी. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने २०११ च्या सुमारास एक इमारत मुद्दाम दोन भागांत केली: एका भागात नेहमीचा एसी, दुसऱ्यात स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून थंड पाणी आणि ओलावा काढलेली ताजी हवा स्वतंत्र. दुसऱ्या भागाला सुमारे एक-तृतीयांश वीज कमी लागली. तिथल्या पठाराचं हवामान आपल्याशी बरंच जुळतं.

उन्हाळ्याकडे वळायचं तर आधी गच्चीला पांढरं करा. पांढरा परावर्तक रंग चालतो, पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅइक जास्त टिकतं, खाली इन्सुलेशन दिलं तर आणखी चांगलं. दर मे महिन्यात त्या स्लॅबसाठी जवळपास ३ टन खर्ची पडतात. ते कमी झाले की पुढच्या वेळी जुने एसी बदलताना पाचाऐवजी चारच घ्यावे लागतील, आणि यंत्र लहान म्हणजे श्रावणातही बरं. इन्व्हर्टर जरूर घ्या, पण एवढं लक्षात ठेवा की कमी ओझ्यावर तो कॉइल पंधरा-सोळा अंशांवर नेऊन ठेवतो आणि मग पाणी काढत नाही. वीज वाचते आणि हॉल दमट राहतो. म्हणून इन्व्हर्टरलाही तोच नियम, थोडे लावा आणि भरपूर चालवा. 'ड्राय मोड' घरच्या झोपायच्या खोलीला ठीक आहे, ६० मुलांना पुरणार नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याचे कूलर लावून एसी टाळता येईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. येईल. ४१ अंश आणि २० टक्क्यांना चांगला कूलर सव्वीसच्या आसपास हवा देतो. पण खिडक्या उघड्या हव्यात, आणि कूलर चालू असताना एसी बंद. दोन्ही एकदम लावणारे बरेच दिसतात. कूलर जे पाणी हवेत टाकतो तेच एसी मागून पैसे देऊन काढत बसतो. पाण्याचा हिशेबही करा: तासाला २००० घनमीटर हवा देणारा कूलर कडक उन्हात तेरा लिटरच्या आसपास पाणी पितो, दहा तासांत सव्वाशेवर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात हा आकडा लहान नाही. बोअरचं पाणी असेल तर गवताच्या जाळ्यांवर महिन्याभरात पांढरा क्षार चढतो आणि कूलर नुसता पंखा होतो, त्यामुळे टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून भरा. श्रावणात एसीच्या नळीतून निघणारं पाणी साठवून कुंड्यांना, पोछ्याला, फ्लशला वापरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र ते घालू नका. कॉइलवरची धूळ आणि तांब्या-ॲल्युमिनियमचे कण त्यात असतात, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे.